हाराखालची चावी

खंडेनवमीला झेंडू आणि यंत्राच्या तेलाचा वास एकत्र आला, की मला कामशेतची ती सामाईक कार्यशाळा आठवते. आज तहसील कचेरीसमोर अर्जलेखक म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे. तेव्हा मी लेथ शिकत होतो.

पूजेला लेथच्या फिरत्या जबड्यास, म्हणजे चकास, मी स्वहस्ते हार घातला. चक आवळण्याची चावी मात्र हाराखाली तशीच राहिली. आरती संपताच मी ऐटीत बटण दाबले. पाकळ्या उधळल्या आणि चावी माझ्या कानाजवळून सणसणत जाऊन पत्र्यावर आदळली.

उस्ताद रहिमभाईंनी यंत्र बंद करून माझ्या कानशिलात लगावली. "आरं, चावी काढायची कुणी? देवानं व्हय?"

या मानहानीविरुद्ध मी तत्काळ दोन पानी तक्रारअर्ज लिहून त्यांच्याच हाती दिला. चष्मा नसल्याने त्यांनी तो मलाच वाचायला लावला. 'सदर थप्पड' त्यात तीनदा आली होती.

"लय झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "बाबा, तू हेच कर. हितं मरशील."

तो माझ्या लेखणीचा गौरव आहे, असे मी कित्येक वर्षे सांगत आलो. अलीकडे मात्र आठवते, की अर्ज ऐकत असताना ते चावीने पत्र्याला पाडलेला पोचा बोटांनी चाचपत होते.