पोत्याला चालते, आत्याला चालत नाही

आमच्या आत्याच्या गाडीला ब्रेक दोन आहेत आणि क्लच एकही नाही, असं मी लोकांना मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्यातलं निम्मं खोटं होतं, हे गाडी बिघडल्यावर कळलं. क्लच एक सोडून दोन निघाले. फक्त त्यांना पेडल नाही. ते गिअरबॉक्सच्या पोटात असतात, आणि कधी कुठला धरायचा, कुठला सोडायचा, हे साबणाच्या वडीएवढी एक डबी ठरवते. गाडीची डबी दुरुस्त करणाऱ्या सर्जनने मला हे इतक्यांदा समजावून सांगितलं की शेवटी न समजताच मी मान हलवायला लागले.

दोन ब्रेकचं मात्र खरं आहे. आत्या ड्रायव्हिंग शिकवते. एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या आत्याच्या पायाशी.

तिच्याकडे येणारी माणसंही वेगळीच. ज्यांनी दुसऱ्या क्लासात हात टेकले, किंवा ज्यांच्यापुढे दुसऱ्या क्लासने हात टेकले, अशी. एक दाताचा डॉक्टर होता, रोज लोकांचे दात उपटणारा. चौक दिसला की त्याचेच दात वाजायचे. ‘तुला नाही जमायचं’ असं नवऱ्याने सांगितलेल्या बायका यायच्या, आणि नवरा गेल्यावर ज्यांच्या दारात गाडी नुसती उभी राहिली होती अशाही यायच्या. आत्या स्वतः यातलीच. आतोबा गेले तेव्हा तिला साधा हॉर्नही वाजवता येत नव्हता. ती हट्टाने शिकली आणि मग शिकवायलाच लागली. क्लच माणसाला रडवतो असं तिचं मत, म्हणून होतं नव्हतं ते घालून तिने ही बिनपेडलची गाडी घेतली.

मी तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. बाकीचे शिकून जातात, मी राहते. मला डावं-उजवं पटकन कळत नाही, यावर घरात पुष्कळ हसून झालंय आणि अजून हसणं चालू आहे.

बिघाडाची सुरुवात दाताच्या डॉक्टरपासून झाली. मोठ्या चौकात, बरोबर मधोमध, गाडीने जोर सोडला. इंजिन चालू, डॉक्टर ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी ढिम्म. समोरचा गिअरचा दिवा फडफडायला लागला. बाजूने पाण्याचा टँकर हॉर्न देत आला आणि आत्याच्या दरवाजाशी येऊन करकचून थांबला. आत्या आमच्या घरी आली, पाणी प्यायली, पंखा लावला आणि म्हणाली, “काही नाही गं, गाडी जरा रुसली.” पण रिकामं भांडं तिने पुन्हा तोंडाला लावलं, ते मी पाहिलं.

मग तो खेळच झाला. सकाळी गाडी शहाण्यासारखी चालायची, तापली की दिवा लागायचा. शोरूमवाल्यांनी ती दिवसभर ठेवून घेतली आणि सांगितलं, डबी गेली, डबी दुरुस्त होत नसते, सगळा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून आत्या म्हणाली, “मी भाग विचारला होता, गाडी नाही.”

बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. त्यांना काळजी वाटली की ते चिडतात. ते म्हणाले, “ताई, बास झालं आता. या वयात कोण बसतं शिकाऊ माणसाशेजारी? काढून टाक गाडी.” एवढ्यावर न थांबता त्यांनी ऑफिसातला एक मित्र गिऱ्हाईक म्हणून उभाही केला. तो रविवारी गाडी बघायला येणार होता. आत्या म्हणाली, “येऊ दे. ठमी चालवेल, मी शेजारी बसेन. चौक ओलांडून परत येईपर्यंत दिवा लागला तर गाडी त्याची. नाही लागला तर पुन्हा विषय काढायचा नाही.” ठमी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

गाडी गेली तर आत्याचं काय होणार, हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. पण कळूनही माणूस रेटतो कधीकधी. आत्या एकटी राहते. सकाळी कुणीतरी दारात येऊन “मॅडम” म्हणून हाक मारतं, त्यावर तिचा दिवस उभा असतो. ती हाक बंद झाली तर ती कशासाठी उठणार?

सर्जन आम्हाला दाताच्या डॉक्टरनेच सुचवला. त्याला सगळे सर्जन म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तो गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. एका भिंतीवर वायरींची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीवर वॉशिंग पावडरची पोती, कारण लाँड्रीवाला खोलीचं निम्मं भाडं भरतो. सर्जनचं तोंड मात्र पूर्ण खोलीभर चालतं.

शेजारच्या गॅरेजवाल्याने डबी खोलून काढली. ती तेलाने माखलेली होती. सर्जनने तिचं चिकटवलेलं झाकण गरम पात्याने हळूहळू कापलं. आत पारदर्शक चिकट जेली आणि तिच्याखाली हिरवा बोर्ड. मीटर जोडून त्याने बायकांचा केस वाळवायचा ड्रायर काढला आणि बोर्डावर गरम हवा सोडली. मीटर बराच वेळ पीं करत राहिलं आणि मग एकदम गप्प झालं.

“सापडला चोर!” सर्जन ओरडला. “थंड असताना हा सोल्डरचा टाका जुळलेला, गरम झाला की तडा उघडतो. बघा मॅडम, बघा.”

आत्याने भिंगाला डोळा लावला. “मला माझी पापणी दिसतेय.”

“पापणीच्या पलीकडे.”

“पलीकडे पण पापणीच आहे. तुम्ही म्हणता तर असेल तडा. करा दुरुस्त.”

त्याने तो टाका वितळवून नव्याने केला, पुन्हा ड्रायर मारला. मीटर पीं ते पींच. शोरूमच्या आकड्यासमोर त्याने सांगितलेली मजुरी इतकी किरकोळ होती की आत्याला शंका आली आणि तिने त्याला पुन्हा विचारलं. त्यावर तो दुखावला.

डबी बसवल्यावर गाडीला पुन्हा शिकावं लागतं म्हणे. दोन्ही क्लच कुठे धरतात, कुठे सोडतात, हे डबी नव्याने चाचपून बघते. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, कुणी कशाला हात लावायचा नाही. आतून टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. आत्या बॉनेटपाशी उभी राहून आपल्या शिकवण्याच्या आवाजात म्हणाली, “घाई नाही. सावकाश. चुकलं तर चुकू दे.” मला हा आवाज पाठ आहे. मी वर्षानुवर्षं त्याच आवाजावर चुकत आलेय.

इथून पुढे आमच्या सगळ्यांच्या डोक्याचा भुगा झाला.

सर्जनने एकट्याने गाडी फिरवून आणली. लोण्यासारखी चालली. आत्याने एकटीने चालवली, उत्तम. सर्जनला शेजारी बसवून मी चालवली. तो जीव मुठीत धरून बसला होता, पण दिवा काही लागला नाही. मग मी आणि आत्या निघालो, आणि दुसऱ्याच वळणावर गाडीने गचका दिला, जोर सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. दिवा फडफडला.

सर्जनने डबी परत काढली, परत गरम केली. डबी ठणठणीत. परत बसवली. पुन्हा तेच. आत्या आणि मी असलो की दिवा, नसलो की नाही.

“दोष हिच्यात आहे,” सर्जन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मी भांडले. आत्याने डॉक्टरला बोलावलं. तो आणि आत्या गेले, आणि दिवा पेटवून परत आले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. सर्जन डोकं खाजवत राहिला. “म्हणजे शेजारच्या सीटचं काहीतरी. खालून वायर गेली असेल. वजन पडलं की दबत असेल.” त्याने लाँड्रीवाल्याचं पावडरचं पोतं उचललं, आत्याच्या सीटवर ठेवलं, बेल्टही लावला आणि स्वतः मागे बसून मला म्हणाला, “चल.”

मी पोत्याला घेऊन गावभर फिरले. चढ, उतार, चौक, सगळं झालं. दिवा नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीतलं पोर पोत्याकडे बघून हसत होतं.

परत आलो तेव्हा आत्या लाँड्रीच्या पायरीवर बसली होती. सर्जन आपल्याच नादात बडबडत होता, “कमाल आहे! पोत्याला चालते, आत्याला चालत नाही!” आत्या हसली नाही. पदराने पायरीवरची पावडर झटकत म्हणाली, “म्हणजे मीच नको आहे गाडीला. दादूस बरोबर म्हणतोय.” बाबांचं हे लहानपणीचं लाडाचं नाव ती फार वाईट वाटलं तरच घेते. मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून मी सर्जनला वाटेल ते बोलले. तो बिचारा गप्प बसला. असा गप्प तो पहिल्यांदाच दिसला.

शनिवारी तो स्कूटर घेऊन आला. म्हणाला, “तुम्ही दोघी पुढे जा. मी मागून येतो. निदान आवाज तरी ऐकतो.” आम्ही निघालो. दुसऱ्या वळणापाशी गचका बसला. मी गाडी कडेला घेतली तर सर्जनने येऊन काच ठोठावली.

“ब्रेक कोण दाबतंय?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मी ॲक्सिलरेटर देतेय.”

“मग मागचे लाल दिवे घरापासून पेटलेले का आहेत?”

मी माझ्या पायाकडे बघितलं. डावा कुठला, उजवा कुठला, याची खात्री करून घेतली. मग आम्ही दोघांनी मिळून पलीकडे बघितलं. आत्याचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. पण पेडल जरासं खाली गेलं होतं. आत्याही तिकडे बघत होती, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता.

“कधी ठेवला गं मी?” ती म्हणाली.

सर्जनला पुन्हा कंठ फुटला. ब्रेक लागला की क्लच सोडायचा, ही डबीची शिकवण. इकडे मी म्हणतेय पळ, तिकडे आत्या म्हणतेय थांब. डबीने ऐकायचं कुणाचं? धरते, सोडते, धरते, सोडते, तापते आणि शेवटी दिवा लावून बसते. डबीत आता काही दोष नाही, आपण केलेला टाका शंभर टक्के पक्का आहे, हे त्याने निदान तीनदा सांगितलं. आधीचा दोष तड्याचा की पायाचा, की आधी एकाचा आणि मग दुसऱ्याचा, हे मला अजूनही धड कळलेलं नाही.

आत्याने पाय मागे घेतला. आम्ही निघालो. थोड्या अंतराने मी तिरक्या नजरेने बघितलं, तर पाय परत तिथेच. तिने पुन्हा काढला. तो पुन्हा गेला. शेवटी तिने मला थांबायला सांगितलं.

“त्या दिवशी टँकर आला ना,” ती म्हणाली, “तेव्हा मला ब्रेक नको होता गं. पुढे जायला हवं होतं. पण माझ्याकडे ब्रेकच तेवढा होता, म्हणून तोच दाबत राहिले. तेव्हापासून भीती वाटते मला. तुम्हा सगळ्यांना सांगते घाबरू नका, आणि मीच घाबरते.”

मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, “हँडब्रेक लाव आधी.”

रविवारी बाबा आणि त्यांचा मित्र मागे बसले. मित्र सभ्य होता, सीटचं कापड चाचपत होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी सीट सरकवली, आरसे लावले, घाम पुसला. आत्या शेजारी बसली, बेल्ट लावला, आणि मग तिने वाकून पायातले बूट काढले. ते नीट जुळवून सीटखाली सारले आणि दोन्ही पाय वर घेऊन तिने चक्क मांडी घातली.

“ताई, हे काय?” बाबा म्हणाले.

“गुडघे दुखतात,” आत्या म्हणाली. “चल गं.”

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे तळवे घट्ट धरून ठेवले होते. चौक आला. सिग्नल सुटला, आणि उजवीकडून, की डावीकडून, एक टँकर येताना दिसला. तोच की दुसरा, कोण जाणे.

“आत्या, ब्रेक!” मी ओरडले. “तुझा ब्रेक!”

तिचे डोळे मिटलेले होते. मांडी तशीच होती.

“तुझ्याकडे आहे ना एक,” ती म्हणाली. “लागला तर तू दाब.”

टँकर त्याच्या रेघेवर थांबला. मी ब्रेक दाबला नाही. गाडीने एकदाही गचका न देता, दिवा न लावता चौक ओलांडला, मागे बाबांनी रोखून धरलेला श्वास सोडला, आणि आत्याने डोळे उघडून विचारलं, “झाला चौक?”