हिरामावशीचा लाल कठडा

नीलेशचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर त्याच्या आईच्या कर्दळीला पाणी घालत होते. "बाई, आई गेली," एवढंच म्हणाला. झारीत उरलेलं पाणी मी घालून टाकलं... दुसरं काय करणार होते?

हिरामावशी अर्नाळ्याची. नवरा वारल्यावर होडी विकून ती मुलाकडे, विरारला आमच्या इमारतीत आली. गच्चीवर तेव्हा फक्त माझ्या कुंड्या होत्या. मोगरा, अनंत, सगळं पांढरंशुभ्र. शाळेत शिकवण्यात जन्म गेलेला, मला नीटनेटकं लागतं. तिने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "बाई, ही बाग हाय का दवाखाना?" होडीचा उरलेला ऑइलपेंट काढून तिने कठडा लालभडक केला, वाकून बाहेरूनही. निळी पिंपं कापून त्यांत झेंडू, कर्दळ, जास्वंद. डोळ्यांना त्रास होतो, असं मी तिला चक्क सुनावलं. "किनाऱ्यावरून रंग बघूनच वळखायचो आमी, आपली होडी कोनती. फिका रंग काय कामाचा?"

पहिल्या पावसाळ्यात तिची झाडं कुजली. पिंपांना मी खाली भोकं पाडून दिली होती, ती तिने गुपचूप डांबराने बुजवली होती! मी कपाळावर हात मारला. "भोक दिसलं की बुजवायचं, जनमभर त्येच केलं," म्हणाली, आणि मग दोघी पोट धरून हसलो. पुढे सगळी झाडं तिने नव्याने लावली.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तिला स्वतःची फिकीर नव्हती. "माजा कठडा राकशील ना, बाई?" मी हो म्हटलं.

गच्ची गळते म्हणून बाग काढून वर शेड घालायचं ठरत होतं. गळत होती हे खरंच. तरी सोसायटीच्या सभेत मी भांडले, एकटीच. नीलेशनेही माझी बाजू घेतली नाही; त्याला फ्लॅट विकायचाय. पिंपं भंगारात गेली, वर पत्र्याची शेड आली, कठडा पांढरा झाला. जास्वंद तेवढी मी माझ्या खिडकीत आणली. तिथे ऊन येत नाही, रोज पानं गाळतेय. जगेल असं वाटत नाही.

पांढरा माझाच आवडता रंग. आता बघवत नाही.

काल बाजारातून परतताना रिक्षा उड्डाणपुलावर चढली आणि सवयीने मी लाल कठडा शोधू लागले. सगळ्या इमारती सारख्या, सगळ्यांवर तसलाच पत्रा. पूल उतरताना रिक्षावाल्याने विचारलं, "कौनसी बिल्डिंग, आंटी?"

मला पटकन दाखवता आली नाही.