नवऱ्याच्या नावाचा रकाना

हातखंब्याजवळच्या आरोग्य केंद्रात मी केसपेपर संगणकावर भरतो. लग्न न झालेली गरोदर मुलगी नवऱ्याच्या नावाशी अडते आणि पुन्हा तपासणीला येत नाही. म्हणून आमच्या नर्सबाई तो रकाना स्वतःच भरतात. नऊ मुलींपुढे मला एकच नाव दिसलं.

"बाई, हे कोण?"

"आमचे हे. बोटीवर गेले, ते आलेच नाहीत. नाव नुसतं पडून होतं."

काल अशीच एक मुलगी कळा सुरू असताना उठून निघाली. अंगात रक्त कमी. "बाहेर माझं कोण नाय," म्हणाली.

बाईंनी तिच्या केसपेपरवरच्या त्याच नावावर बोट ठेवलं. "असं कसं गो? ते बसलेत ना बाहेर खुर्चीवर."

मुलगी थांबली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

मी बाहेर पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. तरी तिच्यावरची माझी पिशवी मी हळूच उचलली.