दुसऱ्या पोरीचा कागद

यांची बदली मुरुमहून येरमाळ्याला झाली. हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आधी एकटेच पुढं गेले आणि जाताना मला सांगून गेले, "ट्रंका दोनच न्यायच्यात. पोरीचे शाळेचे कागद लागतील तेवढे घे, बाकीचे देऊन टाक."

लागतील तेवढे म्हणजे कोणते, हे काही सांगितलं नाही.

पोरगी तेव्हा दुसरीत होती. रोजचा अभ्यास पाटीवर, पण चाचणीचे, शुद्धलेखनाचे, चित्रांचे कागद बाई घरी पाठवायच्या. मी ते फडताळात ठेवत गेले, त्यांची चळत झाली होती. माझं माहेर आळंदकडचं. मी दोन इयत्ता शिकले ते कानडीत. बोलायची मराठी, पण मराठी अक्षर लागायचं नाही. चळत पुढ्यात घेऊन बसले आणि काही सुधरेना. तांबड्या शाईच्या खुणा चांगल्या की वाईट? शेवटी जे दिसायला नीट ते ट्रंकेत आणि वेडंवाकडं ते रद्दीत, असं ठरवलं.

एक कागद फार देखणा निघाला. ओळी सरळ, अक्षर मोत्यासारखं. तो मी सगळ्यात वर ठेवला.

पोरगी शाळेतून आली. तो कागद बघून म्हणाली, "आई, हा माझा न्हाय."

"मग कुणाचा?"

तिनं मैत्रिणीचं नाव सांगितलं. बाजारात फुटाणे भाजणाऱ्या बाईची ती मुलगी. "ती म्हणली, तू गावाला जाणार, तर तुझा कागद मला दे. मी माझा दिला, तिनं तिचा दिला."

"मग हा ठेवायचा का न्हाय?"

"ठेवायचाच. ह्यो एकच ठेव."

"आणि तुझे?"

"माझे मला येतात की लिहायला."

दुसऱ्याच्या लेकराचा अभ्यास आपण कसा न्यायचा? त्या आईला तो नको असेल का? संध्याकाळी रद्दी पुड्यांसाठी द्यायची म्हणून त्याच बाईकडं निघाले आणि तो कागदही पदराआड घेतला.

भट्टीजवळ ती चाळणी हलवत होती. मला बघून म्हणाली, "या डाक्टरीनबाई. जाणार म्हणं तुमी?" मग हात पुसून आत घेऊन गेली. "आमच्या पोरीचं बघा. पास झालीया."

भिंतीवर, आरशाखाली, खळीनं एक कागद चिकटवलेला होता. मला वाचता येत नव्हतं, पण त्याच्या कोपऱ्यावरचा जांभळा डाग मी ओळखला. यांच्या बाहीवरचं दवाखान्यातलं औषध कागदाला लागलं होतं ते. अक्षरं तिरकी, काही ओळीखाली घसरलेली. तो माझ्या पोरीचा कागद होता.

"लई चांगलं लिहिलंय," मी म्हणाले.

"व्हय ना? मला कुठं कळतंय. पर बघत बसते."

तिची मुलगी दारात उभी होती. ती माझ्या पदराकडं बघत होती. कागदाचं टोक बाहेर दिसत असावं. तिनं हळूच मान हलवली. नको म्हणत होती, का द्या म्हणत होती, मला आजवर उलगडलेलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्या बाईला आपल्या लेकीचं खरं अक्षर बघायला मिळालं असतं. पण भिंतीवरचा कागद तिला उतरवायला लावायचा, तोही आमच्यासमोर? माझा हात पदराबाहेर निघालाच नाही.

रद्दीचा गठ्ठा तिच्या हाती दिला. दोन पावलं गेले आणि परत फिरून त्यातले तीन-चार कागद काढून घेतले. कोणते घेतले ते बघितलंही नाही. ती हसली, "ठेवा की समदेच!" मी नको म्हणाले.

येरमाळ्याला यांनी ट्रंक उघडली. वरचाच कागद वाचून म्हणाले, "अगं, हा आपल्या पोरीचा नाही. नाव दुसरंच आहे."

"माहीत आहे."

"मग आणलास कशाला?"

मी पोरीकडं पाहिलं. ती पोत्यातली भांडी काढण्यात गुंग होती. "असू द्या," एवढंच म्हणाले आणि तो कागद ट्रंकेच्या तळाशी घातला.