जीप किती उचलायची

गाडीतलं मला काही कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढची पन्नास वर्षं दादरच्या मासळी बाजारात बसले. पापलेट आजचं की कालचं हे मी हात न लावता सांगेन. पण गेल्या वैशाखात मला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मीच द्यायचं होतं, कारण नवरा गेल्यापासून घरातलं सगळं माझ्या हो-नाहीवर चालतं. प्रश्न असा होता : जीप किती इंच उंच करायची?

आधी आमच्याकडे जीप कशाला, ते सांगते. आमची होडी लहान आहे, फायबरची, मागे इंजिन लावलेली. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायच्या आत ती पाण्यातून काढून बंधाऱ्याच्या वर आणावी लागते. पाण्यात राहिली तर लाटा तिला बंधाऱ्यावर आपटून फोडतात. पूर्वी होडी ओढायला वस्तीतले वीस-पंचवीस गडी यायचे. आता कोणी बँकेत आहे, कोणी विमानतळावर. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या गड्यांना नंतर जेवण आणि बाटली द्यावी लागायची आणि बाटलीनंतरची भांडणं मी निस्तरायची. म्हणून मुलाने चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घेतली आणि दोन चाकांची लोखंडी ट्रॉली बनवून घेतली. पाणी अर्धं ओसरलं की जीप खाली न्यायची, ट्रॉली पाण्यात ढकलायची, होडी तरंगत आणून तिच्यावर बसवायची, दोराने बांधायची आणि वर ओढायची.

दोन वर्षं हे जमलं. मग किनाऱ्यावरची वाळू गेली आणि खालचे दगड उघडे पडले. मुलाने होडीचं इंजिनही नवं, जास्त ताकदीचं आणि जड घेतलं होतं. वैशाखात वाऱ्याचा इशारा आला म्हणून आम्ही होडी लवकर काढायला गेलो. जीप निम्म्या चढापर्यंत आली आणि तिची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. फिरता फिरता त्यांनी खड्डा केला आणि मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा दगडावर बसला. सून ट्रॉलीच्या मागे लाकडाचा ओंडका घेऊन चालते, चाक मागे येऊ नये म्हणून. ट्रॉली हातभर मागे सरकली. सुनेने ओंडका टाकला आणि बाजूला उडी मारली म्हणून तिचा पाय वाचला. आमची खटपट चालली तोवर भरती चढायला लागली. शेवटी आम्ही होडी सोडून परत पाण्यात ढकलली आणि चाकांखाली दगड घालून नुसती जीप वर आणली.

वारा सुदैवाने दुसरीकडे गेला. पण त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आये, आता दोनच गोष्टी. जीप उंच करायची, नाहीतर होडी विकायची. उरणचा एक जण मागतोय."

"जीप उंच करतात?"

"करतात. लिफ्ट म्हणतात त्याला."

बंदी लागायला तीन आठवडे होते. होडी गेली तर मुलगा कुठेतरी पहाऱ्यावर उभा राहणार आणि मी धक्क्यावर जाऊन दुसऱ्याची मासळी घेणार. दुसऱ्याची मासळीही मी विकेन. पण आपल्या होडीची मासळी असली की गिऱ्हाइकाला 'नको तर जा' म्हणता येतं. मला होडी ठेवायची होती. म्हणून मी जीपमध्ये बसून मुलासोबत निघाले.

पहिलं गॅरेज परळला. मालक तिशीचा, दंडावर वाघ गोंदवलेला. त्याने भिंतीवरच्या टीव्हीवर आम्हाला गाड्या दाखवल्या. सगळ्या गाड्या शिडीशिवाय चढता येणार नाहीत एवढ्या उंच.

"आजी, चार इंच मारू या. गाडी एकदम रुबाबदार दिसेल."

"रुबाब कोणाला दाखवायचाय? खेकड्यांना?"

तो हसला, पण चारावरच राहिला. चार इंच म्हणजे माझी पाच बोटं अंगठ्यासकट. जीपच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. तो म्हणाला, चारही चाकांवरचे पाटे बदलून मऊ, बाकदार पाटे घालू, गाडी वर जाईल, मग दगड खालून निघून जातील. मला पटलं. सोपं होतं. गाडी वर, दगड खाली. मी तिथेच हो म्हणणार होते. मुलगा म्हणाला, अजून एकाला विचारू.

दुसरा लालबागचा. मिलमध्ये बाप होता, मिल गेल्यावर पोराने गॅरेज टाकलं, मूळचे मालवणकडचे. त्याने जीपखाली झोपून बॅटरी मारली आणि तसाच झोपून बोलला.

"गे आये, पाटे वाढवून ह्यो गोळो वर जाणा नाय. गोळो चाकांवर बसलेलो असा. वर जातली ती नुसती वरची टपरी."

"मग दगड लागणारच?"

"लागतलोच. टायर मोठे घाल. टायर मोठे, गोळो वर."

मुलगा म्हणाला, "मोठे टायर वरच्या पत्र्याला घासतात."

"म्हणान तर पाटे वाढवूक होये!"

मी जीपच्या बाजूला उभी राहून दोघांच्या बोलण्यातून अर्थ काढायचा प्रयत्न केला. पाटे वाढवून काही होत नाही, असं तो म्हणाला होता. टायर वाढवायचे म्हणाला होता. आणि टायर वाढवायला पाटे वाढवायचे. म्हणजे परळवाला म्हणाला तेच हा म्हणत होता की त्याच्या उलट, ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावरही कळलं नाही. मी सुनेला सांगायला गेले तर निम्म्यातच माझा मला गोंधळ झाला. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं मासे घ्यायला गेलात की गाडीचं विचारायला?"

मी तिला म्हटलं, तू जा उद्या.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आमच्याबरोबर आली. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे एक म्हातारा जीप-ट्रकचे पाटे ठोकून बनवतो. त्याच्याकडे टीव्ही नव्हता, भट्टी होती. मुलगा बोलायला लागला, दोन इंच, चार इंच, टायर. म्हाताऱ्याने जीपकडे बघितलंसुद्धा नाही.

"रिकाम्या गाडीचं माप घेऊन मी काय करू? बोजा लावलेली दाखवा."

"होडी इथे कशी आणू, चाचा?"

तेव्हा सुनेने फोन काढला. आमची फजिती झाली त्या दिवशी शेजारणीने बंधाऱ्यावरून व्हिडिओ काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकला होता. त्या शेजारणीशी मी तेव्हापासून बोलत नव्हते. म्हाताऱ्याने तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. मग फोनच्या काचेवर काळं बोट ठेवलं.

"हे बघा. ट्रॉली ओढताना जीपचा मागचा भाग खाली दबायला पाहिजे. तुमचा वर उचललाय. चाकांवर वजनच नाही. ती खड्डा खणणार नाहीतर काय करणार? होडीत मागे काय ठेवलंय?"

"इंजिन," मुलगा म्हणाला. "आणि जाळी. आणि बर्फाची पेटी."

"सगळं मागे? म्हणूनच ट्रॉली मागे कलते आणि तिचं तोंड जीपला वर उचलतं."

आता मला राग आला. "मग काय पुढे ठेवायचं? होडीचं तोंड वर राहायला लागतं. तोंड जड झालं तर लाट आत येते. लहान पोराला पण माहीत आहे आमच्यात."

"समुद्रात, माई. आणि रस्त्यावर?"

आमच्या घरात होडीत सामान कुठे ठेवायचं हे कोणी कोणाला विचारत नाही. जाळी मागच्या फळीवर जातात. सासऱ्यांनी तशी ठेवली, नवऱ्याने ठेवली. होडी ट्रॉलीवर चढली तरी ती होडीच, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हाताऱ्याला ती नुसतं सामान वाटत होती.

"आणि जीप चार इंच वर नेली," तो म्हणाला, "तर ट्रॉली अडकवायचा हूक पण चार इंच वर जाणार. हूक वर गेला की ट्रॉलीचं तोंड वर, होडी अजून मागे कलणार. मग तुमची सूनबाई ओंडका घेऊन मागे उभी आहेच."

हे मात्र मला कळलं. धक्क्याच्या पायऱ्यांवरून दोघींनी मासळीचा टब वर नेताना जी खालच्या पायरीवर असते तिच्यावर सगळं वजन येतं. माझी कंबर त्यातच गेली. मी मान हलवली. तेवढ्यात तो पुढे म्हणाला की हुकावर थोडं वजन आलंच पाहिजे, आणि ते आलं की जीप मागून जास्त बसेल, म्हणून मागे एकेक कडक पाटा वाढवू, रिकामी असताना गाडी मागून दोन बोटं वर दिसेल, होडी लावली की सरळ होईल. पुढे हात लावायचा नाही.

"थांबा," मी म्हटलं. "वजन नको म्हणालात ना?"

"मागे नको. हुकावर पाहिजे."

"हूक मागेच आहे!"

"जीपच्या मागे. होडीच्या पुढे."

सून तोंडावर पदर घेऊन हसत होती. मुलाने विचारलं, इंजिन काढून ठेवलं तर? आणि स्वतःच उत्तर दिलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नवं इंजिन काढायचं, हातातून सुटलं तर संपलं. ते तिथेच राहिलं.

परतताना मुलाचं मन चार इंचांवरच होतं. त्याला ती उंच गाडी आवडली होती, हे मला दिसत होतं. "आये, म्हातारा जुन्या काळातला आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी पण." मी रे रोडला हो म्हटलं. त्याचं गणित पूर्ण कळलं म्हणून नाही. तिघांत त्या एकट्याने होडीत काय आहे हे विचारलं म्हणून.

दोन पाटे बसले. रिकामी जीप मागून ढुंगण वर केलेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. वस्तीत चार जणांनी विचारलं, गाडी बिघडली का.

बंदीच्या चार दिवस आधी आम्ही होडी काढायला गेलो. मी बंधाऱ्यावर उभी. होडी ट्रॉलीवर बसली, दोर बांधले, मुलगा जीपमध्ये चढला. मी बघते तर जाळी मागच्या फळीवर. पहाटे समुद्रातून येताना जशी ठेवली तशीच.

"अरे, जाळी!" मी ओरडले.

त्याने कपाळावर हात मारला. "आये, हात तिकडंच जातो गं."

"हात तिकडंच जातो तर हात घरी ठेवून ये."

सून होडीत चढली. ओली जाळी जड असतात. तिने ती एकटीने ओढत पुढे नेली, मग बर्फाची पेटी नेली, आणि मला वरून ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ह्यांच्या सात पिढ्यांची जाळी मी आज पुढे आणली, लिहून ठेवा कुठेतरी." जाळी तोंडाशी रचलेली होडी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मला ते घाण वाटलं. अजून वाटतं. होडी जमिनीवर असली तरी.

सून उतरली, ओंडका घेऊन मागे न जाता बाजूने चालायला लागली. तेही रे रोडच्या म्हाताऱ्यानेच सांगितलं होतं. जीप मागून दबली, सरळ झाली आणि निघाली. एकदा गोळा दगडाला घासला, कर्रकन आवाज आला. माझ्या तोंडातून शिवी गेली. पण चाकं पुढे सरकत राहिली, रुतली नाहीत. होडी बंधाऱ्याच्या वर आली.

मुलाने संध्याकाळी उरणच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मग त्याचं आणि सुनेचं भांडण सुरू झालं. मुलगा म्हणतो, पाट्यांनी काम केलं. सून म्हणते, पाट्यांनी काय केलं, जाळी मी पुढे ओढली. मी म्हटलं, एकदा पाटे काढून बघा आणि एकदा जाळी मागे ठेवून बघा, म्हणजे कळेल. कोणी तयार नाही. मीही नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होडी परत पाण्यात उतरवायची वेळ आली. तेव्हा मुलगा जीपच्या दारात उभा राहून मला विचारतो, "आये, आता उतरताना जाळी पुढे की मागे?"

मला काय माहीत? चढताना पुढे, तर उतरताना मागे असायला हवीत असं मला वाटलं. सुनेला वाटलं, काही झालं तरी पुढेच. अर्धा तास आम्ही तिघं बंधाऱ्यावर उभे. शेवटी मुलाने रे रोडला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे हातोडा चालू होता.

"उतरताना रिकामी न्या," म्हातारा म्हणाला. "जाळी नंतर डोक्यावरून न्या."

"मग चढताना पण रिकामीच आणायची का?" मी विचारलं.

"आणा की. सगळ्यात चांगलं."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं की जीप किती उचलायची," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.

त्या दिवशी जाळी आम्ही डोक्यावरून खाली नेली. सुनेच्या तीन खेपा झाल्या, माझी एक.