मांडावर वाजवलेलं गाणं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या पेडण्यात दर वळणावर एखादी गोष्ट असते. अमक्या वडाखाली देवचार, तमक्या ओहोळाला कोण बाई... लहानपणापासून ऐकून ऐकून कान किटलेत. सिझनमध्ये मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर गिटार वाजवून पहाटे मी एकटा बाइकने इब्रामपूरला येतो. वाटेत भेटली ती फक्त कुत्री. मित्र असल्या गप्पा सुरू करायचे तेव्हा मीच सगळ्यात जास्त टर उडवायचो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते वाचून हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

मी गिटार वाजवतो. पोटासाठीच. लग्नाचे रिसेप्शन, शॅक, हॉटेलं, मिळेल ते. घरी आई आणि मी, बस्स. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई दोडामार्गकडची, बोलणं अजून माहेरचंच, आणि तोंड म्हणजे फटाक्यांची माळ.

यंदा शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, संपल्यावर वास्कोला एक प्रोग्रॅम होता. परत येताना बसमध्ये फोन चाळत बसलो होतो आणि ते गाणं सापडलं. कुठल्या देशातली पोरगी कोण जाणे, भाषा ओ की ठो कळत नव्हती. ऐकणारेही फारसे नसावेत. पण गाणं... अरे देवा! म्हापशाला उतरेपर्यंत मी ते एकच गाणं ऐकत होतो. शेजारी बसलेल्या काकांनी शेवटी वैतागून सीट बदलली.

जे वाजवत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. ती पोरगी एक ओळ गायची आणि गप्प व्हायची. ओळीएवढीच जागा रिकामी, फक्त गिटार हळू चालू. मग पुढची ओळ, पुन्हा रिकामी जागा. जणू प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतेय. दुसरी गंमत म्हणजे गाणं डी मायनरमध्ये, म्हणजे तो कॉर्ड गाण्याचं घर, पण तो अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही! जी मायनर, बी फ्लॅट, ए सेव्हन, की पुन्हा पहिल्यापासून. ए सेव्हन वाजला की कान म्हणतो, आता घरी चल. आणि गाणं काही घरी जात नाही. शेवटसुद्धा नाही, आवाज नुसता बारीक बारीक होत विरून जातो. मी तर वेडाच झालो. आमच्या ड्रमरला फोन करून पाऊण तास हेच सांगितलं. तो म्हणाला, "तुझं लग्न करून टाकायला हवं."

घरी प्रॅक्टिसला आईची कटकट. शिवाय घरात फोनला रेंज नाही, आणि नवीन गाणं बसवायचं तर मी मूळ गाणं परत परत लावून त्याच्यासोबत वाजवतो. रेंज येते ती वाड्यामागच्या जुन्या मांडावर. मांड म्हणजे धालो खेळायची जागा. पौषात बायका तिथे समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून. एक रांग ओळ म्हणते, पुढे सरकते, वाकते, मागे जाते. मग दुसरी रांग उत्तर देते. खेळ सुरू करताना मांडावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात आणि शेवटच्या दिवशी शेणपाणी शिंपून मांड बंद करतात. तसा बंद केल्याशिवाय खेळ अर्ध्यावर कुणी सोडत नाही. आता देवळाजवळ पेव्हर घातलेला नवा मांड झालाय, जुन्याकडे कुणी फिरकत नाही. कडेला आंब्याची दाट सावली, वारा, एक मोडकं तुळशीवृंदावन, आणि फोनच्या सगळ्या कांड्या फुल. मला आणखी काय पाहिजे?

रोज जेवण झालं की भर दुपारी तिथे जाऊन बसायचो. पहिली ओळ, रिकामी जागा, दुसरी ओळ, रिकामी जागा. पुन्हा पुन्हा तेच. रिकाम्या जागेत मी काहीच भरायचो नाही, कारण गाण्याची सगळी मजा तिथेच होती. संपवण्याचा तर प्रश्नच नव्हता. बोटं दुखली की मधेच सोडून उठायचो.

कुठे चुकतंय ते ऐकायला एकदा फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन हेडफोन लावले. माझी ओळ झाली. रिकामी जागा आली. आणि त्या जागेत पाचोळ्यावरून पावलं चालल्याचा आवाज. म्हटलं, गुरं असतील, नाहीतर काजू वेचणाऱ्या बायका. पुढच्या रिकाम्या जागेत पुन्हा तेच. माझी ओळ सुरू झाली की आवाज बंद, ओळ संपली की चालू. गुरं काही तालात चालत नाहीत. तिसऱ्या वेळी पावलांबरोबर गुणगुणणंही आलं. बऱ्याच बायकांचं, तोंड मिटून केलेलं. सुरात होतं हो! माझ्या कॉर्डवर तंतोतंत बसत होतं.

खरं सांगू? तेव्हा मी घाबरलो नाही. मला ते आवडलं! काय मस्त हार्मनी आहे, असं वाटलं.  मी उठून आईला ऐकवायला गेलो. ती पायरीवर बसून तिरफळं निवडत होती. तिच्या कानात हेडफोन घातले.

तिचा चेहरा बघता बघता उतरला. हेडफोन काढून तिने हळूच बाजूला ठेवले.

"आदी माका सांग, ह्या तू खय वाजयलंस?"

"मागे. जुन्या मांडावर."

"मेल्या, तुका साऱ्या गावात दुसरी जागा गावली नाय?" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची शेवंताकाकी खिडकीत आली. "मांडार गाणा घातला की ता पुरा करूचा लागता. अर्ध्यार सोडूचा नसता. त्येंका उत्तर देवक लावलंस आणि उठान इलंस?"

"त्येंका म्हणजे कोणाला?"

आई तिरफळं तशीच टाकून आत गेली. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारी माणसं. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मांडावर जाणं मी बंद केलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दुपारी मी माडीवर बसून तेच गाणं वाजवत होतो. आई खाली झोपली होती. मी ओळ वाजवली, थांबलो. आणि खालून कुणीतरी गुणगुणलं. आईचाच आवाज. मला हसू आलं, म्हटलं म्हातारीलाही गाणं चढलं. पुढची ओळ वाजवली. पुन्हा गुणगुणणं, जरा लांबून. तिसऱ्या वेळी आणखी लांबून. मी मठ्ठासारखा वाजवतच राहिलो.

मग शेवंताकाकीची किंकाळी आली. "अरे धाव रे! तुजी आवय बघ काय करता ती!"

गिटार गळ्यातच होती, तसाच धावलो. आई जुन्या मांडावर होती. एकटीच. अनवाणी, माझंच गाणं गुणगुणत. धालोत वाकतात तशी वाकून पुढे यायची, मागे जायची, पुढे यायची. दोन्ही हात दोन बाजूंना वळलेले, कुणाच्यातरी कमरेत घातल्यासारखे. आणि तिच्या कमरेवर पाठीमागून पातळ आत दाबलं गेलं होतं. दोन्ही बाजूंनी. हाताच्या पंजाएवढं. ती सरकली की ते दाबलेलं कापडही तिच्याबरोबर सरकायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ऊन लख्ख होतं, कसली सावली नाही, काही नाही. 

"आई!" मी ओरडलो. तिने बघितलंसुद्धा नाही. डोळे सताड उघडे, समोर कुणाकडे तरी बघत होती. तोंडावर हसू होतं, घामाने सगळं अंग निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते. आईला प्रेशर आहे. अशा उन्हात असं वाकून वाकून ती किती वेळ टिकणार? कोसळली तर संपलंच. मी मांडात शिरायला गेलो तर काकीने माझा शर्ट धरून मागे खेचलं.

"आत जाव नको! पुरुषान खेळात शिराचा नसता. तुकाय धरतीत."

"अगो काकी, अंगात आलंय का तिच्या? धालोत येते तशी रंभा?"

"रंभा नाय ही. रंभा आमी वळाखतंव." काकीने हात जोडले आणि मांड बंद करायच्या वेळी म्हणतात ते गाणं म्हणायला सुरुवात केली. आईवर काडीचा परिणाम नाही. काकी रडायलाच लागली. "ह्या गाणा चालना नाय. तिच्या तोंडात तुजा गाणा आसा रे! तू सुरू केलंस, तूच संपव!"

संपव! कसं संपवणार? त्या गाण्याला शेवटच नव्हता ना!

मी वाजवायला लागलो. हात घामाने ओले, बोटं सरकत होती. जी मायनर... बी फ्लॅट... ए सेव्हन. मी ओळ वाजवली की आई मागे जाऊन ताठ उभी राहायची. रिकामी जागा आली की ती पुढे येऊन वाकायची. आणि आता मला सगळं ऐकू येत होतं, हेडफोनशिवाय. पाचोळ्यावरची पावलं, आईच्या दोन्ही बाजूंना आणि तिच्या समोरही. ए सेव्हनवरून डी मायनरवर जायचं, एवढंच तर होतं! पहिल्या महिन्यात शिकतात असला कॉर्ड. पण इतक्या दिवसांत बोटांना सवय अशी लागली होती की ती पुन्हा जी मायनरवरच जायची. मी स्वतःला शिव्या घातल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिकडे आईचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता. फाटलेल्या भात्यासारखा.

शेवटी ए सेव्हनवर थांबलो. डोळे घट्ट मिटले, उजव्या हाताने डाव्या हाताचं एकेक बोट उचलून तारांवर नेऊन ठेवलं, आणि डी मायनर वाजवला. एकदाच. पूर्ण.

सगळी पावलं एकदम थांबली. मी डोळे उघडले तेव्हा आई मांडाच्या मधोमध मटकन खाली बसलेली होती.

काकीने गोठ्यातून शेणपाणी आणून सगळ्या मांडावर शिंपलं. मी आईला उचलून घरी आणलं, तिथून तसाच डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, प्रेशर वाढलंय, या वयात दुपारचं बाहेर सोडत जाऊ नका. मी मान डोलावली. कमरेवरच्या त्या पंजांबद्दल त्यांना काय सांगणार होतो? रेकॉर्डिंग मी त्याच रात्री काढून टाकलं. गाण्याचं नाव कृपा करून विचारू नका, कुणालाच देणार नाही.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंही नसतं. ऊन, प्रेशर, म्हातारपण... मनाची समजूत घातली असती.

आई चारेक दिवसांत हिंडूफिरू लागली. एका सकाळी ती अडोळीवर नारळ खवत होती आणि मी समोर चहा पीत बसलो होतो. पोदेराकडून घेतलेला उंडो पाव चहात बुडवत मी सहज विचारलं, "आई, त्या दिवशी मांडावर तू कुणाकडे बघून हसत होतीस गो?"

तिने खवणं थांबवलं नाही.

"माज्या समोर मीच उबी होतंय. ह्याच पातळ, ह्योच चुडो. माका इतक्या हसाक येय होता! तू गाणा संपयलंस, मगे आमी दोगीय घराक येवक वळलाव."

"मग?"

"मगे काय मगे? एक इली, एक रवली." एवढं बोलून तिने खवलेलं खोबरं वाटीत भरलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला परसात गेली.



तेव्हापासून मी तिच्याकडे बघतोय. सगळं तेच आहे. तीच कटकट, तीच माशांच्या हुमणाची चव, त्याच शिव्या, गोळ्या घ्यायला तोच कंटाळा. एक गोष्ट वेगळी नाही. मी शोधून शोधून थकलो. पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि तिने सरळ उत्तर दिलं तर? शेवंताकाकीला सांगितलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, परत ह्या बोला नको.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर जरूर लिहा, अगदी मला वेड्यात काढणारं असलं तरी चालेल. कारण रोज जेवण झालं की आई आत झोपायला जाते, आणि मला एकच वाटतं... मांडावर जाऊन एकदा बघून यावं. तिकडे राहिली ती जर माझी आई असेल, तर मी तिला भर उन्हात टाकून आलोय. अजून गेलेलो नाही. मला भीती वाटते.