राणी बदलली, मग पेटी कुणाची?

माझे थोरले दीर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि जाऊबाई त्याच कॉलेजात जीवशास्त्र. त्यामुळे त्या घरात वादाला विषय कधी कमी पडला नाही. निवृत्तीनंतर भाऊजींनी गच्चीवर मधमाश्यांची पेटी ठेवली. आल्यागेल्याला तिथे नेऊन ते सांगत, "या हजारो माश्या नव्हेत. हा एकच प्राणी आहे. एकेक माशी म्हणजे त्याची नुसती पेशी." खाली चहा गार झाला तरी पाहुण्याची सुटका नसे.

मग या प्राण्याचं डोकं फिरलं. गच्चीत पाऊल टाकलं की माश्या अंगावर यायच्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कपडे वाळत घालायला गेल्या आणि पापणीला डंख घेऊन उतरल्या. दुसऱ्या दिवशी एक डोळा मिटलेला, तशाच दारात उभ्या.

"भाऊ, माझं पोट या डोळ्यांवर आहे. यांना वळण लावा, नाहीतर पेटी उचला."

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. जाऊबाईंनी निदान केलं. "रागीटपणा राणीच्या अंड्यांतून येतो. शांत जातीची राणी आणा, जुनी मारा. जुन्या माश्या आयुष्य संपून मरतील, नव्या निघतील त्या मवाळ."

"म्हणजे सगळ्याच नव्या. मग वाचलं काय? लाकूड?"

"अहो, माश्या म्हणजे पेशी, हे तुमचंच ना? तुमच्या अंगावर लग्नातलं कातडं तरी उरलंय का?"

"पण स्वभाव तोच आहे."

"ते मला विचारा."

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. "एवढंच सांग, जुना प्राणी संपून नवा नेमका कधी सुरू होतो?"

भाजी निवडता निवडता जाऊबाई थांबल्या. "ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो तुमच्या खात्यातला प्रश्न. पण तुम्हाला उत्तर सापडेपर्यंत शिंपीणबाई थांबायच्या नाहीत."

नवी राणी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून आली. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, म्हणून भाऊजींनी जुनी हुडकून चिमटीत धरली. पण बोटं दाबवेनात.

"एकटी हातात घेतली की पेशी वाटत नाही गं."

जाऊबाईंनी वाद घातला नाही. राणीला पेल्यात घेतलं, वर जाळी बांधली, सोबतीला चार माश्या सोडल्या आणि पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. रोज सकाळी दूध तापवायच्या आधी त्या साखरपाण्याचा बोळा बदलत. काही दिवसांनी राणी मेली, तेव्हा पेला विसळून पालथा घातला आणि भाऊजींना फक्त "गेली" म्हणाल्या.

पेटीत सोडलेल्या नव्या राणीच्या फिकट रंगाच्या माश्या हळूहळू दिसू लागल्या. शिंपीणबाई आधी तोंडाला टॉवेल गुंडाळून वर यायच्या, आता उघड्या तोंडाने येतात. पेटी राहिली. भाऊजींचं व्याख्यान मात्र थांबलंय. परवा मीच विचारलं, "भाऊजी, प्राणी तोच का?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "ओळख करून घेतोय."